कुलूप, कोयंडा आणि शेजार

वृत्तपत्राच्या आतील पानावर एक बातमी वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत छापून येत असते. बंद घराचा कडी-कोयंडा तोडून अज्ञात चोरट्यांनी सोन्याचे दागिने व रोख रक्कम असा ऐवज लांबविला. गुन्हा नोंदविण्यात आला असून पुढील तपास चालू आहे. गावाचे नाव तेवढे बदलते. कधी ते वाशिंद असते, कधी आसनगाव, कधी किन्हवली, तर कधी मुरबाड. वाचक क्षणभर हळहळतो आणि पान उलटतो. ज्या घरात हे घडते त्या घरातील गृहिणीला मात्र 'ऐवज' ह्या कोरड्या, कचेरीतल्या शब्दामागे सासूने अंगावर घातलेल्या पाटल्या दिसत असतात, मुलीच्या लग्नासाठी भिशी लावून केलेला हार दिसत असतो. आणि आपल्या साड्या जमिनीवर पसरून कोणी परका मनुष्य त्यांवरून चालत गेला ही जाणीव तिला पुढे कित्येक रात्री झोपू देत नाही. नुकसानीचा आकडा पंचनाम्यात लिहिता येतो. ह्या दुसऱ्या हानीसाठी पंचनाम्यात रकाना नाही.

इतक्या नेहमीच्या गोष्टीवर पहिल्या पानावरील अग्रलेख खर्ची घालावा काय, असे कोणी विचारील. आमच्या मते घालावा. मुंबई-ठाण्यातील ज्या सुशिक्षित कुटुंबांच्या हाती हे पत्र सकाळी पडते, त्यांपैकी कित्येकांचे मूळ घर शहापूर-मुरबाडकडे आहे, कित्येकांनी तेथे अलीकडे बंगलीवजा शेतघर बांधले आहे आणि कित्येकांची मुले जागेच्या भावाला कंटाळून आसनगाव-वाशिंदला संसार मांडून बसली आहेत. तेव्हा हा प्रश्न 'तिकडच्या खेड्यांचा' राहिलेला नाही. शिवाय घर राखण्याविषयी आपल्या मनात ज्या कल्पना आहेत त्या बहुतांशी कुलूप विकणाराच्या जाहिरातीतून आलेल्या आहेत, आणि त्यांतील एक-दोन चुकीच्या कल्पनांची किंमत ह्या भागाने माणसांच्या प्राणांनी दिलेली आहे.

प्रथम सोन्याचेच पाहू. १९९० च्या सुमारास दहा ग्रॅम सोने तीन-साडेतीन हजार रुपयांना मिळत असे. एप्रिल २०२५ मध्ये त्याच दहा ग्रॅमांनी एक लाख रुपयांची मर्यादा प्रथमच ओलांडली. ह्याचा अर्थ असा की, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एखाद्या प्राथमिक शिक्षकाने पगारातून काटकसर करून पत्नीसाठी चार बांगड्या केल्या असतील, तर त्या बांगड्यांनी आज त्याला न कळत लक्षाधीश केलेले आहे. तो स्वतःला मध्यमवर्गीय समजतो, दाराला पूर्वीचेच पितळी कुलूप लावतो आणि सायंकाळी भजनाला जातो. धनिकाची संपत्ती त्याच्या भोगात आली नाही. धनिकाची जोखीम मात्र बिनबोभाट घरात येऊन बसली. चोराने हा हिशेब आपल्या आधी केला आहे, एवढेच.

मुलूखही पालटला आहे. शहापूर हा क्षेत्रफळाने ठाणे जिल्ह्यातील सर्वांत मोठा तालुका. मुंबईची तहान भागविणारी तानसा, मोडकसागर आणि भातसा ही धरणे ह्याच तालुक्याच्या परिसरात आहेत, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही ह्याच तालुक्यात आहेत. पण तो विषय निराळा. कसारा मार्गावरील स्थानकांवरून पहाटे मुंबईकडे निघणारा चाकरमानी रात्री परत येतो. नवरा-बायको दोघेही नोकरीत असली तर घर दिवसाचे चौदा तास बंद. मुरबाडला रेल्वे अद्याप पोचलेली नाही, तरी कल्याणचा रस्ता आणि औद्योगिक वसाहत ह्यांनी तेथेही तोच दिनक्रम आणला आहे. मुंबई-आग्रा मार्ग पूर्वीपासून होताच. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि शहापूरच्या डोंगरात पूर्वी जे अंतर तोडावयास तास लागत ते मिनिटांवर आले. रस्ता चांगला झाला की तो सर्वांनाच चांगला होतो. रात्री एक वाजता कोयंडा उपटणारा माणूस पहाटेपूर्वी जिल्ह्याबाहेर असू शकतो. आणि ह्या एवढ्या विस्तीर्ण, डोंगराळ मुलुखाला शहापूर, वाशिंद, किन्हवली, कसारा, मुरबाड, टोकावडे अशी मोजकीच पोलीस ठाणी.

आता दाराकडे येऊ. 'कुलूप तोडले' असे आपण म्हणतो. पण बहुतेक पंचनाम्यांत जो शब्द येतो तो 'कडी-कोयंडा' हा आहे, आणि तो विचार करण्याजोगा आहे. कुलूप शाबूत असते. ते हजार रुपयांचे असते, त्यावर नामांकित कारखान्याचे नाव असते. परंतु ज्या कोयंड्यात ते अडकविले तो चार आखूड स्क्रूंवर मऊ लाकडाच्या चौकटीला कसाबसा धरून असतो. लोखंडी पहारीचा एक हिसका पुरतो. घर बांधताना फरशीवर आणि दिवाणखान्याच्या छतावर लाखो रुपये घालणारा गृहस्थ कोयंड्याचा विचार सुतारावर सोपवितो, आणि सुतार तो दुकानदारावर. चौकटीच्या आरपार जाऊन आतून नटाने आवळलेले बोल्ट, दाराच्या फळीतच बसविलेले आतले कुलूप, मागील दाराला पुढल्या दाराइतकाच मान, खिडक्यांना भिंतीत रोवलेले गज, एवढ्यावर फार मोठा खर्च येत नाही. जुन्या घरांत दाराआड भिंतीतून सरकणारा लाकडी अडसर असे. तो आता संग्रहालयातच पाहावयास मिळतो. घरातील माणसे झोपलेली असताना त्याच्या तोडीचे दुसरे साधन निघाले आहे असे आम्हांस वाटत नाही. बाहेर लोंबणारे मोठे कुलूप चोराला अडविण्यापेक्षा 'घरी कोणी नाही' ही वार्ता देण्याचेच काम अधिक करते. कौलारू घराच्या बाबतीत तर दाराची सारी चर्चाच अपुरी पडते, कारण कौले उचलावयास पहारही लागत नाही. तेथे छताखाली लाकडी तक्तपोशी किंवा लोखंडी जाळी हाच उपाय.

आत शिरलेल्या चोराला सोने शोधावे लागत नाही, ही आणखी एक गंमत. पूर्वी ह्या भागातील कारवीच्या कुडाच्या घरात सोने असलेच तर ते भाताच्या कणगीत, देवघराच्या कोनाड्यात किंवा चुलीमागील जमिनीत असे, आणि कुठे आहे ते घरातील एका म्हातारीलाच ठाऊक असे. पुढे लोखंडी कपाटे आली. अर्देशिर गोदरेज ह्यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा उद्योग सुरू केला. त्या कारखान्याची कपाटे पुढे मराठी लग्नांत इतकी रूढ झाली की 'गोदरेज' हा शब्दच कपाटाचा पर्याय बनला. कपाट उत्तम असते ह्यात शंका नाही. परंतु दागिने, रोकड, बँकेची पुस्तके, घराचे खरेदीखत, सारे एकाच कपाटातील एकाच छोट्या तिजोरीत आणि किल्ली त्याच कपाटाच्या डोक्यावर किंवा साड्यांच्या घडीखाली, हा आमच्या मध्यमवर्गाचा ठराविक परिपाठ झाला. चोराने दहा घरे पाहिली असली की अकराव्या घरात त्याला दिवा लावण्याचीही गरज पडत नाही.

शूद्रकाचे 'मृच्छकटिक' ज्यांनी वाचले आहे किंवा देवलांच्या कृपेने मराठी रंगभूमीवर पाहिले आहे, त्यांना शर्विलक आठवेल. चारुदत्ताच्या भिंतीला भगदाड कोणत्या आकाराचे पाडावे ह्याचा तो शास्त्रोक्त विचार करतो. आपल्या 'घरफोडी' ह्या शब्दातील फोडणे हे असे अक्षरशः भिंत फोडणेच होते. परंतु त्याच्या साऱ्या विद्येचा उपयोग आत शिरण्यापुरताच होतो. अलंकारांची पेटी त्याच्या हाती येते ती मैत्रेयाच्या कृपेने. ती सांभाळण्यासाठी उशाशी घेऊन निजलेला तो बिचारा झोपेत बरळत पेटी आपण होऊन चोराच्या हवाली करतो. दोन हजार वर्षांच्या आसपासचे हे नाटक. आमच्या घरांतला मैत्रेय अजून जागा झालेला नाही. सहकुटुंब सहलीला गेल्याची छायाचित्रे पहिल्याच दिवशी भ्रमणध्वनीवरून साऱ्या जगाला धाडणे, किल्ली तुळशीवृंदावनामागे किंवा विजेच्या मीटरच्या पेटीत ठेवणे, लग्नासाठी बँकेतून काढलेले दागिने 'पुढल्या आठवड्यात ठेवू' म्हणत सहा महिने घरात ठेवणे, हे सारे झोपेत पेटी देणेच आहे. आणि त्या नाटकातील आणखी एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. चोरीस गेलेले अलंकार वसंतसेनेची ठेव होते; भरपाई म्हणून गेली ती मात्र चारुदत्ताच्या पत्नीची, धूतेची रत्नमाला.

बँकेतील लॉकर हा उपाय सर्वांना माहीत आहे आणि तो योग्यही आहे. तथापि त्याविषयी एक भ्रम दूर करावयास हवा. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी काढलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी ह्यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत आहे. वर्षाला दोन हजार रुपये भाडे असेल तर दोन लाख रुपये. आजच्या भावाने हे दोन तोळेही होत नाहीत. घरापेक्षा लॉकर पुष्कळ सुरक्षित, एवढेच ह्यावरून म्हणावे. बँकेने आपल्या सोन्याचा विमा उतरविला आहे असे समजू नये. विम्याचेही तसेच. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांनी 'भारत गृहरक्षा' ह्या नावाची प्रमाणित पॉलिसी आणली. नावात रक्षा आहे. परंतु ती मुख्यतः आग, पूर, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे, आणि चोरी तिच्यात आहे ती अशा आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत, त्या आपत्तीमुळे झालेली. साध्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. पॉलिसीचा कागद कपाटात ठेवण्यापूर्वी एकदा वाचावा, ही सूचना सुशिक्षितांना करावी लागते हे थोडे नवलाचेच.

अगदी बिनखर्चाचा आणि तरीही क्वचितच केला जाणारा उपाय म्हणजे यादी. प्रत्येक दागिन्याचे वजन, स्वच्छ छायाचित्र, सराफाची पावती, आणि नव्या दागिन्यावर असलेली सहा अक्षर-अंकांची हॉलमार्कची स्वतंत्र खूण, ही सर्व एका वहीत लिहून वहीची प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. ठाण्यासह अधिसूचित जिल्ह्यांत १ एप्रिल २०२३ पासून ही खूण नसलेला हॉलमार्कचा दागिना सराफाला विकता येत नाही. चोरीनंतर फिर्याद देताना 'एक मंगळसूत्र, अंदाजे तीन तोळे' एवढेच ज्याला सांगता येते, त्याचा माल सापडला तरी तो त्याचाच हे ठरविणे कठीण जाते.

इथवर लिहिले ते ज्यांच्याकडे सोने आहे त्यांच्यासाठी. पण शहापूर-मुरबाडमध्ये अशी हजारो घरे आहेत की, ज्यांत सोन्याचा मणीही नाही, आणि तरीही ज्यांत मौल्यवान वस्तू आहेत. कातकरी, ठाकूर अशी आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण, पनवेलकडील वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. मागे पाड्यावर ताटीचे दार असलेले रिकामे झोपडे. त्या झोपड्यातील ऐवज कोणता? चार भांडी, आणि छपराच्या वळचणीला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खोचलेले कागद: शिधापत्रिका, जातीचा दाखला, आधारपत्र, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेल्या दाव्याची पोच. ही पिशवी उंदराने कुरतडली, पावसात भिजली किंवा भट्टीमालकाने उचल फिटेपर्यंत अडकवून ठेवली, तर त्या कुटुंबाचे जे जाते ते दहा तोळ्यांहून कमी नाही. मुलाचे वसतिगृह जाते, धान्य जाते, कसलेल्या जमिनीवरचा हक्क जातो. कागदाची ही किंमत गरिबाला पूर्वीपासून कळलेली आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले तेव्हा त्यांचा रोख दागिन्यांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. तेव्हा घराच्या सुरक्षिततेचा विचार करताना ग्रामपंचायतीने आणि तहसील कचेरीने ह्या कागदांच्या प्रमाणित प्रती आपल्याकडे जपण्याची आणि स्थलांतराला निघण्यापूर्वी त्या तपासून देण्याची जबाबदारी घेतली पाहिजे. तहसीलदारांना हे अशक्य नाही. मनात आणावयास हवे.

आणि आता त्या मूळ प्रश्नाकडे, ज्याच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला. घर राखतो कोण?

माळशेज घाट चढून गेले की जो देश लागतो, तेथील जुन्या गावगाड्यात ह्या प्रश्नाला एक निश्चित उत्तर होते. गावाला जागल्या असे. रात्री फिरणे हे त्याचे काम होतेच. पण चोरी झाली की माग काढणे हे त्याहून मोठे काम. चोराची पावले शिवेपर्यंत न्यावयाची आणि तेथे पुढल्या गावच्या जागल्याच्या स्वाधीन करावयाची. ज्या गावाच्या हद्दीत माग हरवला त्या गावावर चोरीची जबाबदारी येई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज अधिकारी ह्या प्रांतात आले तेव्हा त्यांनी ह्या रिवाजाची नोंद करून ठेवलेली आहे. ती व्यवस्था जन्मावर आधारलेली होती, राबणाराला तिने उपेक्षेखेरीज फारसे काही दिले नाही आणि ती गेली हे चांगलेच झाले. कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने संपली, वंशपरंपरागत पाटीलकीही पुढे गेली. परंतु त्या रिवाजात एक तत्त्व होते: हद्दीने जबाबदारी ठरत असे. आमच्या काळात हद्दीने जबाबदारी टाळता येऊ लागली. ही जागा आमच्या ठाण्याच्या हद्दीत येत नाही, तुम्ही पलीकडे जा, हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा फिर्यादी विरळा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने आता कोणत्याही ठाण्यात, हद्दीचा विचार न करता, दखलपात्र गुन्ह्याची खबर घेणे बंधनकारक केले आहे, आणि खबरेची प्रत विनामूल्य मिळण्याचा फिर्यादीचा हक्कही त्यात आहे. कसाऱ्याला चोरी झाली म्हणून शहापूरहून परत पाठविण्याचा काळ कायद्याने तरी संपला. वाचकांनी हे कलम पाठ करून ठेवावे.

जागल्याच्या जागी कायद्याने पोलीस पाटील ठेवला. १९६७ चा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम त्याच्यावर गावातील गुन्ह्यांची आणि संशयास्पद हालचालींची खबर देण्याची जबाबदारी टाकतो. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याचे मानधन दरमहा साडेसहा हजारांवरून पंधरा हजार रुपये केले. ही वाढ न्याय्य होती. आता तिच्या मोबदल्यात शासनाने त्याच्याकडून काम घ्यावे: गावात भाड्याने कोण राहावयास आले, कोणते घर किती दिवस बंद राहणार आहे, कोणत्या बंगल्याचा मालक कोण व त्याचा दूरध्वनी कोणता, ह्याची चालू नोंद. १९५१ च्या पोलीस अधिनियमात ग्रामरक्षक दलाची तरतूदही आहेच. पौष पौर्णिमेला म्हसा येथे यात्रा भरते, आसपासची गावे बैलबाजाराला लोटतात आणि घरे ओस पडतात. त्या आठवड्यात तरी दलाची नावनिशी ठरलेली, ओळखपत्र दिलेली गस्त असावी.

नावनिशी आणि ओळखपत्र हे शब्द आम्ही सहज लिहिलेले नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, चोर आणि मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवा पसरलेल्या असताना, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक पोलिसांच्या देखत जमावाच्या हातून मेले. गडचिंचले आज पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ च्या ऑगस्टपूर्वी तो ठाणे जिल्हाच होता, आणि तेथील रान, पाडे, अंधार आणि भीती शहापूर-मुरबाडहून निराळी नाही. शाळेत शिकवीत असताना 'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण आम्ही मुलांकडून वाक्यात वापरवून घेत असू. ती कधी अक्षरशः खरी होईल असे त्या वर्गात कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

त्या दोन्ही ठिकाणी माणसे आपल्या समजुतीप्रमाणे घर राखीतच होती, हे विसरता कामा नये. ती जागी होती, एकत्र होती, त्यांच्या हाती काठ्या होत्या. आपण खेड्यांकडून ज्या सामुदायिक जागरूकतेची अपेक्षा करतो ती सर्व तेथे होती. नव्हती ती ओळख आणि नव्हता तो कायद्याचा माणूस वेळेवर ऐकला जाण्याइतका विश्वास. एका दूरध्वनीने साऱ्या गावाचे भ्रमणध्वनी वाजविणारी यंत्रणा राज्याच्या काही जिल्ह्यांत चालू आहे आणि ती उपयुक्त आहे. तथापि ज्या यंत्राने खरी हाक पोचते त्याच यंत्राने अफवाही पोचते. म्हणून हाक देणाराचे नाव कळले पाहिजे, ११२ वर पोलिसांना खबर आधी गेली पाहिजे, आणि परक्या माणसाला अडवावयाचे झाले तरी ते ग्रामरक्षक दलाच्या नोंदलेल्या माणसांनी, हात न उचलता. ह्या अटी ज्या गावाला पाळता येत नाहीत त्या गावाने रात्री दारे लावून झोपावे. चोराने नेलेले दागिने पुन्हा करता येतात.

सुशिक्षितांनी येथे आपल्याकडेही पाहावे. रानाच्या कडेला बंगला बांधावयाचा, महिन्यातून दोन रात्री तेथे जाऊन दिवे लावावयाचे, शेजारच्या पाड्यावरील एकाचेही नाव ठाऊक करून घ्यावयाचे नाही, आणि चोरी झाली की पोलिसांना पहिले बोट दाखवावयाचे ते त्याच पाड्याकडे! हे आम्ही अनेकदा ऐकले आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द केला; पण दिवाणखान्यातून तो अद्याप पुरता रद्द झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालातही विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीने अटक होऊ नये असे पोलिसांना बजावावे लागले. वास्तविक त्या निर्जन बंगल्यावर रात्रंदिवस ज्यांचे डोळे असतात अशी माणसे म्हणजे हाच पाडा. राखणदाराला ठरलेला पगार वेळेवर द्यावा, राहण्यास खोपट न देता धड खोली द्यावी, पाड्याच्या वाटेवर स्वतःच्या खर्चाने एक दिवा लावावा, बोअरच्या पाण्याची एक तोटी कुंपणाबाहेर काढावी. ह्यात दानधर्म नाही. ज्याचे आपल्यावाचून अडते आणि आपले ज्याच्यावाचून अडते, त्याला मराठीत शेजारी म्हणतात. कॅमेरा अवश्य बसवावा. वीज गेली की तो मिटतो, आणि शहापूर-मुरबाडकडे वीज कितीदा जाते हे बंगलेवाल्यांनीच आम्हांस कितीदा ऐकविले आहे.

चोरीचे एक दुसरे टोक आहे, आणि तेथपर्यंत आमचा तपास क्वचितच पोचतो. पाटली पाटली म्हणून विकली जात नाही. ती मुशीत जाते आणि काही मिनिटांत तिची ओळख पुसली जाते, हॉलमार्कच्या खुणेसह. म्हणजे प्रत्येक घरफोड्यामागे एक विकत घेणारा आहे, त्याला दुकान आहे, पाटी आहे, समाजात प्रतिष्ठाही असू शकते. चोराला मिळणारा पैसा आणि सोन्याची खरी किंमत ह्यांतील अंतर हा त्याचा नफा. 'चोरावर मोर' ही म्हण ह्याच्यासाठीच असावी. नव्या भारतीय न्याय संहितेत रात्री घरफोडी करून चोरी करणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत, आणि तो धंदाच करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत. कायदा पुरेसा कडक आहे. पावतीवाचून जुने सोने घेणाऱ्या दुकानांची तपासणी नियमित झाली पाहिजे, आणि प्रामाणिक सराफांनी, जे बहुसंख्य आहेत असे आम्ही मानतो, ती आपल्या हिताची समजली पाहिजे.

शेवटी सापडलेल्या मालाविषयी. चोर पकडला गेला, दागिने हाती आले, आणि तरीही ते वर्षानुवर्षे ठाण्याच्या मुद्देमालात पडून राहिले, असे घडू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई ह्या प्रकरणात २००२ मध्येच स्पष्ट सांगितले की, मौल्यवान वस्तूंचा पंचनामा व छायाचित्रे करून त्या हमीवर मालकाला लवकर परत द्याव्यात. नव्या संहितेच्या कलम ४९७ ने तर मुदतच घातली: माल न्यायालयापुढे आल्यावर चौदा दिवसांत त्याची नोंद, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. ठाणे ग्रामीण पोलिसांनी आपल्या प्रत्येक ठाण्यापुरती तीन आकड्यांची यादी दर तिमाहीस प्रसिद्ध करावी: घरफोड्या किती नोंदल्या, किती उघडकीस आल्या, आणि किती तोळे सोने कोणत्या मुदतीत मालकांच्या हाती परत पडले. ती यादी आमच्याकडे आली की आम्ही ती पदरमोड करून, आणि आतील पानावर नव्हे, छापू.